हं म्हणणारा मासा

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पुढं, पुरुष मागं, पोरं बांधून ठेवलेल्या नावांत उभी, आणि सगळ्यांच्या नजरा एका लाकडी टेबलावर. टेबलावर एक मेलेला मासा पडला होता.

काळपट, खरखरीत, अंगावर कडक तुकड्यांचं चिलखत, तोंड खाली पोटाकडं वळलेलं. दुपारपासून तो तसाच पडून होता. चहावाल्यानं खात्री करायला त्याला काडीनं टोचून पाहिलं होतं. शिंप्याच्या विधवेनं त्याच्या नाकाशी बोट धरलं होतं. माशाच्या नाकाशी बोट धरून तिला काय कळलं कोण जाणे, पण "गेलाय" असा निर्वाळा तिनं दिला आणि तो सर्वांनी मान्य केला.

मग हाकबुवा उठले. पांढरे कपडे, पिंजारलेले केस, आवाजात लोणी.

"मंडळी, मी कोण? मी कोणीच नाही. मी नुसता पोस्टमन. तिकडचा निरोप इकडं, इकडचा तिकडं. विज्ञानसुद्धा काय सांगतं? पाण्याला स्मरण असतं. आणि माशात काय असतं? पाणी. म्हणजे माशाला काय असतं?"

"स्मरण," मंडळी म्हणाली.

"आणि वर कंपनं. कंपनं म्हणजे काय ते विचारू नका, सांगत बसलो तर संध्याकाळ होईल."

कोणीच विचारलं नाही. बुवांनी मगभर पाणी माशावर ओतलं आणि नदीकडं तोंड करून शिंप्याला हाक मारली. हा शिंपी पुरात गेला होता आणि सापडला नव्हता. अशांनाच बुवा हाक मारत. जे सापडले, जाळले-पुरले, त्यांच्या भानगडीत ते पडत नसत. दुसरा मग ओतला. माशाचा कल्ला हलला. शेपूट फिरलं. गर्दीतून एक उसासा निघाला. बुवांनी मासा दोन्ही हातांनी उचलला, शिंपिणीच्या कानाशी नेला आणि मायेनं विचारलं, "आलास का रे?"

मासा म्हणाला, "हं."

खोटं नाही, अगदी स्वच्छ म्हणाला. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आपल्या बोलीतला हा सर्वांत लहान शब्द. हं म्हणजे हो, हं म्हणजे ऐकतोय, हं म्हणजे पुढं बोल, आणि हं म्हणजे आता पुरे. शिंपिणीनं त्याला विचारलं, सुखात आहात का. हं. माझी आठवण येते का. हं. ती रडत रडत हसली आणि शेजारणीला म्हणाली की जिवंतपणी माझं डोकं खायचे, एक वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत. मेल्यावर शहाणे झाले बाई.

गर्दीच्या मागं रबरी बूट घातलेली एक बाई उभी होती. ती हसली नाही. तिनं कानांवरचा रुमाल आणखी घट्ट केला.

गावात तिला शिडीवाली म्हणत. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर जुना बंधारा आहे, आणि त्याच्या कडेनं पाण्याच्या पायऱ्या बांधल्यात, अंडी घालायला वर निघालेल्या माशांना चढून जाता यावं म्हणून. ती माशांची शिडी. शिडीच्या टोकाला पिंजरा असतो. माशांवरच शिकलेली आणि मत्स्य खात्यात लागलेली ही बाई पिंजऱ्यातला एकेक मासा हातानं उचलायची. आपला असला तर वरच्या पाण्यात, परका असला तर टबात. परका म्हणजे हाच, टेबलावरचा. नदीवरची माणसं त्याला चिलखत्या म्हणतात. मूळचा हा काचेच्या पेटीतला मासा, काचेवरचं शेवाळ चाटतो म्हणून शहरातल्या दुकानांत विकला जाणारा. पेटीत मावेनासा झाला की लोक दया येऊन त्याला नदीत सोडतात. त्या दयेनं बंधाऱ्याखालची नदी खाऊन टाकली. आपल्या माशांची अंडी गेली, काट्यांनी जाळी फाटली, काठ पोखरले. वरची नदी तेवढी अजून निखळ होती. वर जायची वाट बंधाऱ्याच्या फाटकातून होती, आणि फाटकाची किल्ली हिच्या कमरेला.

आणि हाकबुवांचा दुसरा अंक नेमका तिथंच सुरू होत होता.

"जीव आला," त्यांनी मासा ओल्या फडक्यात गुंडाळून शिंपिणीच्या ओटीत ठेवला, "पण सुटला का? नाही. खालच्या गढूळ पाण्यात सोडलात तर परत अडकेल. वरच्या पाण्यात सोडा. आजच. घरी नेऊ नका, त्याच्याशी बोलू नका, फडकं उघडू नका." मग एक सुस्कारा. "पण वर जायला कुलूप आहे. एका बाईच्या कुलपापायी गावाचे इतके जीव ताटकळलेत. मी काय बोलणार? मी नुसता पोस्टमन."

सगळ्या माना मागं वळल्या. चहावाला तिच्या नवऱ्याचा दोस्त, एरवी वहिनी वहिनी करून मागं लागणारा. त्यानंसुद्धा नजर चुकवली. पण शिडीवालीला बाकीच्या माना दिसल्याच नाहीत. तिला एकच दिसली, पहिल्या रांगेतली, पांढऱ्या केसांची. तिची सासू.

घरी दोघीच राहत. शिडीवालीचा नवरा नावाडी होता, धक्क्यापासून पलीकडच्या काठाला माणसं ने-आण करायचा. दोन पावसाळ्यांमागं एका संध्याकाळी तो नाव बांधत असताना पायाखालचा काठ खचला आणि तो मातीसकट पुरात गेला. नाव सापडली. तो नाही. त्याच्या चपला अजून दाराशी होत्या. सासू त्या रोज पुसायची, आणि सून रोज त्या ओलांडून कामावर जायची, आणि या विषयावर दोघी एक अक्षर बोलत नसत.

हा नावाडी म्हणजे मुलखाचा अबोल माणूस. जेवण कसं झालंय? हं. उद्या लवकर जायचंय? हं. माझ्याशी लग्न करशील का, असं खुद्द तिनंच त्याला नावेत विचारलं होतं, तेव्हाही वल्हं न थांबवता तो "हं" म्हणाला होता. ती पुढं अनेकदा त्यावरून त्याला टोचायची. त्यावर तो काय म्हणणार, ते सांगायला नको.

त्या रात्री जेवताना सासूनं ताट पुढं सारलं. बुवांनी उद्याचा दिवस दिलाय म्हणाली. उद्या माझ्या बाळाला हाक मारणार आहेत.

सुनेनं समजावून पाहिलं. तो मासा मेलेला नसतो, आई. हा मासा पाण्याबाहेर तासन्‌तास जगतो. सासूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझी पुस्तकं मला माहीत आहेत, पण पुस्तकानं तो सापडला का? सुनेजवळ एक उत्तर होतं आणि ते ती दोन वर्षं गिळून बसली होती.

"मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही," सासू म्हणाली. "उद्या तेवढं कुलूप उघड. तुझाही नवराच होता ना तो?"

तुझाही नवराच होता ना. रात्रभर हे वाक्य माजघरात फिरत राहिलं.

सकाळी शिडीवाली बंधाऱ्यावर गेली. धुकं होतं. पिंजरा वर ओढला, चंदेरी मासे एकेक करून वर सोडले. ते हातातून सुटले की पाण्यात क्षणभर थांबायचे आणि मग सरळ वर निघायचे, शेकडो वर्षांची वाट पाठ असल्यासारखे. तळाशी चिलखते होते. ते तिनं कोरड्या टबात टाकले आणि हात धुवायला वळली.

मागून आवाज आला. "हं."

ती थांबली. तिला माहीत होतं. महाविद्यालयात तिनं हे स्वतःच्या हातानं करून पाहिलं होतं. चिलखत्याच्या कल्ल्यामागचा पंख म्हणजे एक जाड काटा असतो, तो खोबणीत बसलेला असतो. कुठं दाबला गेला, अडकला, की मासा तो काटा हिसकतो आणि खोबणीत घासला जाऊन आवाज होतो. घोगरा, आखूड, घशातून आल्यासारखा. टबात एकमेकांवर पडले की होतोच. सगळं माहीत होतं.

"हं," टब म्हणाला.

सांगायला लाज वाटेल असं तिनं एकदा केलं होतं. नवरा गेल्यानंतरच्या त्या पहिल्या हिवाळ्यात, अशाच धुक्यात, पाठमोरी असताना हा आवाज आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, आले, थांबा." मग वळली. टब. तेव्हापासून ती कामावर कानांवरून रुमाल बांधायची, आणि थंडी फार म्हणून सांगायची. आपलं माणूस गेलं की डोकं शाबूत राहतं हो, पण कान आशाळभूत होतात. कुठंही पसरतात.

आणि आज त्या टबाशी उभी असताना तिला वाटून गेलं की उघडावं कुलूप. एक मासा. एकच. म्हातारीला झोप लागेल. मलाही लागेल.

तिनं खाली वाकून पाहिलं. दोन मासे होते, एक मादी, पोट अंड्यांनी तट्ट फुगलेलं. शिंपिणीच्या फडक्यातसुद्धा कोण होतं, नर की मादी, कोणाला ठाऊक. एकच मासा, ती स्वतःशी म्हणाली, पेटीतूनसुद्धा एकच मासा सोडला होता प्रत्येकानं. तिनं टबावर ओलं गोणपाट टाकलं आणि तो हातगाडीवर चढवला.

धक्क्यावर आज कालच्या दुप्पट गर्दी होती. टेबलावर मासा मेलेला होता. टेबलाखालच्या परडीत लोकांनी नदीसाठी म्हणून काढून दिलेल्या अंगठ्या आणि साखळ्या होत्या. नदी अंगठी कुठल्या बोटात घालते ते बुवांनाच ठाऊक. पाणी पडलं, कल्ला हलला, आणि बुवांनी नावाड्याला हाक मारली.

सासू पुढं झाली. इतके दिवस साठवलेले प्रश्न असतील, पण तिनं एकच विचारला.

"बाळा, पाण्यात थंडी वाजते का रे?"

"हं."

म्हातारी मटकन खाली बसली. ते रडणं ऐकवेना. चहावाला तोंड फिरवून नाक शिंकरू लागला, आणि शिडीवालीचा स्वतःचा हात नकळत किल्लीवर गेला, कारण तो आवाज अगदी तसाच होता, वल्हं न थांबवता काढलेला.

"सूनबाई," बुवा लोण्याहून मऊ आवाजात म्हणाले, "तुमचा माणूस थंडीनं कुडकुडतोय. आता तरी?"

तेवढ्यात तिची नजर बुवांच्या हातांवर गेली. नदीवरचा कोणताही माणूस चिलखत्याला असा धरत नाही. नदीवरची माणसं त्याला शेपटीला धरून शिव्या देत जाळ्यातून सोडवतात, आणि प्रत्येकाच्या हातावर त्याच्या काट्यांचे ओरखडे असतात. बुवांचे हात गुळगुळीत होते. एक तळवा पोटाखाली, दुसरा डोक्यामागून, अंगठा बरोबर काट्याच्या बुडाशी. गिऱ्हाइकाच्या पिशवीत मासा घालताना पेटीवाले दुकानदार धरतात तसा.

"उघडते," ती म्हणाली. "पण आधी मला बोलू द्या. बायकोचा तेवढा हक्क असेल ना?"

गर्दीनं मान डोलवली. बुवांना नाही म्हणता येईना. ती माशासमोर उभी राहिली. रुमाल सोडला.

"अहो, ऐकताय ना?"

"हं."

"तुम्हाला वरच्या पाण्यात जायचंय?"

"हं."

"की मुळीच जायचं नाही?"

"हं," मासा म्हणाला. अंगठ्याला सवय होती, वाक्य संपलं की दाबायची. थांबायच्या आत दाबला गेला.

पोरं खिदळली. बुवांची बोटं सैल पडायला लागली तशी ती आणखी जवळ सरकली आणि आवाज चढवून म्हणाली की नाही बुवा, हात काढायचा नाही, त्यांना सोडलंत तर ते जातील. "अहो, तुम्ही माझा नवरा आहात, की दुकानातल्या काचेच्या पेटीतला मासा?"

मासा गप्प. बुवा गप्प.

"आत्म्याचा अपमान झाला," बुवा म्हणाले. "तो निघून गेला."

"मग दुसरे बोलावते." तिनं हातगाडीवरचं गोणपाट ओढलं. टबात पाण्याचा थेंब नव्हता. सकाळपासून पडलेले दोन मासे होते, डोळे मंद, हालचाल नाही. "ही माझ्या पिंजऱ्यातली. यांना कुणी हाक मारलेली नाही. आई, इकडं या."

सासू आली नाही. सुनेनंच एक मासा उचलून तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारली. त्यावर मगभर पाणी ओतलं. कल्ला हलला. शेपूट फिरलं.

"हा मेला नव्हता, आई. हा हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. अंग ओलं राहिलं की दिवस काढतो. आता इथं अंगठा ठेवा. या काट्याच्या बुडाशी. दाबा."

म्हातारीनं अंगठा ठेवला. किती वेळ नुसता ठेवलाच. मग दाबला.

"हं."

अंगठा उचलला. काही नाही. दाबला. "हं." तिनं काही विचारलं नव्हतं.

मागून शिंपीण पुढं आली आणि दुसरा मासा उचलून तिनंही दाबला. मग चहावाल्यानं. हं, हं, हं. थोड्या वेळानं तो धक्का सगळ्या मेलेल्या नवऱ्यांनी भरून गेल्यासारखा झाला, आणि कुणालाच हसू येत नव्हतं. शिंपिणीनं परडीतून आपली साखळी उचलली. कालचं फडकं तिनं बुवांचं ऐकून न उघडता, ओलं ठेवून धक्क्यावरच जपलं होतं, कुलूप उघडेपर्यंत. ते तिनं माशासकट टबात आपटलं. "तरीच म्हटलं," ती ओठ चावत म्हणाली, "हा माणूस एवढा गप्प कसा."

घरी नेऊ नका, बोलू नका, उघडू नका, याचा अर्थ आता सगळ्यांना लागला. घरी कुठं दाबला गेला असता तर मासा न विचारताही हं म्हणाला असता, म्हणून त्याला लगेच लांब, बंधाऱ्यापलीकडं घालवायचं. हाकबुवा उठले. आता आदरार्थी कशाला, हाकबुवा उठला, आणि टेबलापासून काढता पाय घ्यायला लागला. चहावाल्यानं त्याला खांद्याला धरून परत बसवला आणि पोलीस येईपर्यंत पोस्टमननं इथंच थांबायचं म्हणून सांगितलं.

सासू अजून जमिनीवरच होती. मांडीवर मासा.

"मग त्याला कुणी नेलं?" ती म्हणाली. "नदीनं बोलावलं म्हणून गेला, असं मी धरून होते."

दोन वर्षं गिळलेलं उत्तर आता गिळवेना. सुनेनं सांगितलं. काठ खचला त्याच्या दुसऱ्या सकाळी ती तिथं गेली होती. तुटलेली माती उभी कापल्यासारखी समोर होती, आणि तिच्यात भोकंच भोकं, हात कोपरापर्यंत जाईल अशी. चिलखते अंडी घालायला काठात बिळं करतात. वरून काठ धडधाकट दिसत होता, आतून पोकळ झाला होता. तो रोजच्या जागी उभा राहिला, नाव बांधायला वाकला, आणि बस.

"नदीनं नाही बोलावलं, आई. कुणीच नाही बोलावलं. यांनी त्याच्या पायाखालची माती खाल्ली. आणि आज तुम्ही यालाच बाळ म्हणत होतात, म्हणून मला सांगावं लागलं."

म्हातारीनं मांडीवरच्या माशाकडं पाहिलं. त्याला फेकला नाही, शिव्या घातल्या नाहीत. उचलून टबात ठेवला.

"माझा मुलगा मेला," ती म्हणाली. पहिल्यांदा.

आता मंडळी, तुम्ही म्हणाल, म्हातारीचं समाधान होत होतं तर बिघडलं काय? एवढंच बिघडलं की त्या समाधानाच्या फडक्यात अंड्यांनी भरलेली मादीही गुंडाळलेली असू शकत होती, आणि ती वर गेली असती तर आणखी पाच-दहा वर्षांनी वरचा काठ दुसऱ्या कुणाच्या तरी पायाखाली खचला असता. खोटी गोष्ट एकट्या माणसाला फसवून थांबत नाही, ती अंडी घालते. म्हणून चमत्कार दिसला की डोळे पुसा, पण त्याचा अंगठा कुठं आहे तेही पाहा. आणि त्याला असा एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर हं असूच शकत नाही. दुःख खरं असतं. त्याला खोटा आवाज लावायची गरज नसते. आणि पेटीतला मासा पेटीवाल्याला परत करा. नदीला दया नको, मासा नको.

त्या आठवड्यात खात्यानं धक्क्याजवळचा काठ खणून पाहिला आणि तो निम्मा पोकळ निघाला. नावा पलीकडं हलवल्या. जाळी टाकायला गावातली माणसं आपण होऊन आली, शिंपीण सगळ्यांत पुढं. पकडलेले चिलखते बर्फात टाकून संपवायचे, पाण्यात परत सोडायचे नाहीत, एवढा नियम होता. हे संपणारं काम नाही, शिडीवालीनं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. खालच्या नदीतून ते आता कधीच पुरते जाणार नाहीत. वरची नदी वाचवायची, रोज, इतकंच हातात आहे.

सासू दाराशी एका सकाळी चपला पुसायला बसली, आणि पुसायच्याऐवजी तिनं त्या पायात घातल्या. मोठ्या होत्या. तशीच फटफट वाजवत ती सुनेमागून बंधाऱ्यावर आली आणि पिंजऱ्याशी बसली. आपला कोणता, परका कोणता, सुनेनं एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही.

धुकं होतं. टबातून आवाज येत होता. हं. मग जरा वेळानं परत, हं. म्हातारीचे डोळे भरून आले ते तिनं कोपरानं पुसले. हात थांबला नाही. सुनेनं कानांवर रुमाल बांधलेला नव्हता. दोघी ऐकत होत्या आणि मासे निवडत होत्या.

सून पाठमोरी होऊन थर्मासचं झाकण फिरवू लागली.

"आई, चहा घेणार?"

"हं."

ती दचकून वळली. या वेळी टब बोलला नव्हता.